ट्रॉलीवाचून मिळणारी जुनी लेझर: घ्यावी, पण उलटी करून बघून

लेझर म्हणजे एकट्याने चालवायची छोटी शिडाची बोट. वापरलेली लेझर विकायला निघते तेव्हा बहुधा नुसती बोटच असते: हल (बोटीचं धड), दोन तुकड्यांची डोलकाठी, बूम (शिडाच्या खालची आडवी काठी), डॅगरबोर्ड (तळातल्या फटीतून पाण्यात सोडायची फळी), सुकाणू आणि शीड. ‘ट्रेलर नाही, म्हणून किंमत कमी’ असं सांगितलं जातं. रस्त्यावरून ओढायचा ट्रेलर नसला तरी आपल्याकडे काही अडत नाही, टेम्पो मिळतो. पाण्यापर्यंत न्यायची हातट्रॉली नसली तर मात्र रोज अडतं. आणि इतके दिवस ही बोट ट्रॉलीशिवाय पाण्यापर्यंत जात कशी होती, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारायला हवा.

बोट म्हणून लेझरबद्दल शंका नको. ब्रूस कर्बी यांच्या आराखड्यावरची ही बोट १९९६ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. २०१९ पासून तिचं अधिकृत नाव इल्का (ILCA). भारताचे नेत्रा कुमनन आणि विष्णू सरवनन ऑलिम्पिकला गेले ते याच प्रकारात. लांबी ४.२३ मीटर, नुसत्या हलचं वजन ५९ किलोच्या आसपास. सगळ्या बोटी एकाच मापाच्या, त्यामुळे जुन्या हललाही आजचं शीड आणि आजचे सुटे भाग बसतात. इल्का ४, ६ आणि ७ यांचं हल एकच. बदलतं ते शीड आणि डोलकाठीचा खालचा तुकडा. विकणाऱ्याकडे ७.०६ चौरस मीटरचं मोठं शीड असेल आणि तुमचं वजन साठ किलो असेल, तर वाऱ्याच्या दिवशी ती आवरणार नाही. अशा वेळी सहा नंबरचं शीड आणि खालचा आखूड तुकडा घ्यावा लागेल. तो खर्च आधीच धरा.

आता बोट उलटी करा. ट्रॉली नसलेली बोट वाळूवरून किंवा सिमेंटच्या उतारावरून ओढली गेलेली असण्याची शक्यता दाट. ओढताना पुढचं टोक उचललं जातं आणि घासतो तो मागचा भाग, म्हणून मागच्या पट्टीच्या खालच्या कडेपासून दोन-तीन फूट पुढपर्यंत नीट बघा. जेलकोटवर (बाहेरच्या गुळगुळीत थरावर) नुसते ओरखडे असतील तर काळजी नाही. पांढरा थर जाऊन काचतंतूंची वीण दिसू लागली असेल, तर तिथून पाणी मुरतं. मग विजेरी तळाला जवळजवळ टेकवून तिरका प्रकाश टाका. बोट बरेच महिने दोन टायरांवर ठेवलेली असेल तर तेवढ्या दोन जागी तळ खोलगट झालेला दिसेल. तिथे तळवा दाबला आणि पत्र्याच्या डब्यासारखा आत-बाहेर झाला, तर आतला थर सुटलाय. हे हल शर्यतीसाठी बाद झालं असं समजा. शिकण्यापुरतं घ्यायला हरकत नाही, पण भाव त्या हिशेबाने.

वजन घरच्या वजनकाट्यावरही होतं. एक टोक विटेवर आणि दुसरं काट्यावर ठेवून आकडा लिहा, मग टोकं बदला. टेकू दोन्ही वेळा त्याच दोन जागी आणि बोट आडवी समतल असेल, तर दोन आकड्यांची बेरीज म्हणजे हलचं वजन. पासष्टच्या वर गेलं तर पाणी आत मुरलंय किंवा दुरुस्तीचे थर चढलेत. डेकवर नाणं वाजवत जा. चांगल्या भागाचा आवाज खणखणीत येतो, फोम भिजलेल्या भागाचा बद्द. जिथे बसून बाहेर झुकतात ती बाजूची पट्टी आणि पाय ठेवायची जागा, या दोन ठिकाणी जास्त वेळ द्या.

या बोटीची खरी कमजोर नस म्हणजे डोलकाठीचं भोक, म्हणजे ती ज्यात उभी राहते ती डेकमधली नळी. डोलकाठीला ताणदोर नसतात, सगळा जोर त्या एका नळीवर येतो. नळीत वाळू साचली की काठी फिरताना कानशीसारखी तळ घासत राहते, आणि एक दिवस तळाला छिद्र पडतं. तपासणी सोपी आहे. बोट समतल ठेवा, भोक काठोकाठ पाण्याने भरा, पेन्सिलीने खूण करा आणि अर्धा तास थांबा. पातळी उतरली तर पाणी हलमध्ये चाललंय. त्यानंतर खालचा तुकडा भोकात उभा करून पुढे-मागे जोर लावा. भोकाभोवतीचं डेक उचललं जात असेल किंवा बारीक करकर ऐकू येत असेल, तर नळीचा हलशी असलेला जोड सुटलाय. दुरुस्ती होते: जवळ तपासणीचं झाकण बसवायला गोल छिद्र पाडायचं, आतून सगळं वाळवायचं आणि नळीच्या बुडाभोवती इपॉक्सी व काचकापडाचे थर द्यायचे. आधी वाळवायलाच काही आठवडे जातात. घाईने ओल्यावर इपॉक्सी लावली तर ती धरत नाही आणि जोड पुन्हा सुटतो. मासेमारीच्या फायबर बोटी दुरुस्त करणारे कारागीर हे काम करू शकतात, फक्त पॉलिएस्टर नको, इपॉक्सीच हवी हे स्पष्ट सांगा.

डोलकाठीचा वरचा तुकडा अॅल्युमिनियमचा असेल तर जोडाजवळच्या कॉलरचा रिव्हेट बघा. स्टीलचा रिव्हेट, अॅल्युमिनियमची नळी आणि खारं पाणी एकत्र आलं की भोकाभोवती पांढरी भुकटी जमते, आणि काठी मोडते ती तिथेच. वाऱ्यात वरचं टोक मागे वाकतं, पुढची बाजू ताणली जाते, म्हणून रिव्हेट नेहमी मागच्या बाजूला येईल अशी काठी बसवावी. सपाट फरशीवर दोन्ही तुकडे लोळवा, वाकलेला लगेच लंगडतो. शिडाबद्दल एवढंच: कापड कुरकुरीत न राहता रुमालासारखं मऊ झालं असेल तर त्याचे पैसे देऊ नका.

वाहतूक. छोटा हत्ती सात फुटांचा, त्यात बोट निम्मी बाहेर लोंबते, तो विचार सोडा. चौदा फुटी आयशर म्हणजे ४.२७ मीटर. हिशेबाने बोट बसते, पण चार सेंटिमीटरच उरतात, म्हणून आतलं माप टेपने घ्यायला सांगा. सतरा फुटी मिळाली तर उत्तम. बोट डेक खाली करून दोन जाड गाद्यांवर ठेवा, एक डोलकाठीच्या भोकाजवळ, दुसरी कॉकपिटच्या (पाय ठेवायच्या खोलगट जागेच्या) मागे. तिथे डेक मजबूत असतं. दोर आवळताना कडेखाली गोणपाट घाला. आणि हलमधलं पाणी काढायचं मागचं बूच काढूनच निघा. उन्हात आतली हवा फुगते आणि बंद हलचे सांधे उकलतात. घरी ठेवतानाही बूच उघडंच हवं.

ट्रॉली फॅब्रिकेटरकडून बनवून घेता येते. सौदा ठरण्याआधी त्याचा भाव घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून मागा. समुद्रासाठी अॅल्युमिनियमचा पाइप, नाहीतर बनवून झाल्यावर गॅल्व्हनाइज केलेलं लोखंड. नुसत्या रंगावर भागत नाही, खारं पाणी वेल्डिंगच्या सांध्यापासून खायला सुरुवात करतं. रिक्षाचा ४.००-८ टायर सगळीकडे मिळतो. वाळूसाठी हवा थोडी कमी ठेवा. चाकात बेअरिंग नको, नायलॉनचा बुश घाला. बेअरिंग एका मोसमात गंजून जाम होते. हल पाइपवर टेकवू नका. दोन इंची पट्ट्यांच्या झोळीत ते ॲक्सलपासून दोन बोटं वर राहू द्या, नाहीतर टायरांवरचे तेच खळगे इथेही पडतील. ॲक्सल बोटीच्या तोलाच्या जागेपेक्षा थोडा मागे असावा, म्हणजे दांड्यावर हाताला चार-पाच किलोच भार येतो. भार उलट्या बाजूला गेला तर बोट उतारावर मागे आपटते. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या ओहोटीला चिखल उघडा पडतो, त्यात कुठलीही ट्रॉली रुतते. तिथे भरतीचं वेळापत्रक बघूनच बाहेर पडा.

पावतीवर हलचा नंबर लिहून घ्या. शर्यतीत उतरायचं असेल तर शिडावरचा नंबर त्याच्याशी जुळावा लागतो.

पहिल्या दिवशी तासभर चालवा, बोट किनाऱ्यावर आणा, पुढचं टोक उचला आणि बूच काढून येणारं पाणी मगमध्ये धरा. कपभर आलं तर चालेल. अख्खा मग भरला तर हलमध्ये फुंकणीने हलकीशी हवा भरा, कॉम्प्रेसर मुळीच नको, आणि सांध्यांवर, सुकाणूच्या कड्यांवर, डॅगरबोर्डच्या फटीच्या खालच्या कडेवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे येतील ती गळतीची जागा.