बालरुग्णालयासाठी स्मृती-हाईक: नाव नोंदवण्याआधी काय तपासावं

लहान वयात गेलेल्या मुलाच्या नावानं हाईक काढायची आणि जमलेला निधी बालरुग्णालयाला द्यायचा, अशा उपक्रमाला नावं ठेवायला कुणाची जीभ रेटत नाही. ढिसाळ आयोजनाचं नेमकं यामुळेच फावतं. म्हणून इथं या हाईककडे पैसे भरून घेतलेली सेवा म्हणूनच पाहिलं आहे.

माहितीपत्रकात 'अंतर १० किमी, सोपी वाट' एवढंच असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. एकूण चढ किती मीटरचा, हा आकडा हवा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा आजही कामाचा आहे: दर ५ किमीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे १० किमी आणि ३०० मीटर चढाला अडीच तास. पण हे झालं न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचं. मुलं, आजी-आजोबा आणि गप्पा धरून चार तास लागतात. सातला सुरुवात आणि साडेनऊला समारोप छापला असेल, तर हे गणित कुणी मांडलेलंच नाही.

गर्दीचंही तसंच. एका वेळी एकच माणूस जाईल असा ओढ्यावरचा लाकडी साकव आहे आणि प्रत्येकाला १० सेकंद लागतात असं समजा. २०० जण एकदम सोडले तर शेवटच्याला ३३ मिनिटं ताटकळावं लागतं, आणि कंटाळलेली मुलं बाजूच्या निसरड्या दगडांवरून उड्या मारायला लागतात. चाळीस-चाळीस जणांचे गट दहा मिनिटांच्या अंतरानं सोडले की ही कोंडी होत नाही.

पाणी माणशी तासाला साधारण अर्धा लिटर, उन्हात जास्त. २०० जणांना चार तासांसाठी ४०० लिटर, म्हणजे ४०० किलो वजन. ते गाडीनं पोचेल अशी जागा वाटेत आहे का, हे विचाराच. ओआरएस ठेवलेलं असतं, पण तिथं एक चूक हमखास होते. एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ढवळतात. असं खारट द्रावण लहान मुलाला अपायकारक ठरू शकतं, त्यामुळे पाकिटावर छापलेलं माप मोडायचं नाही.

आयोजकांची खरी पारख होते ती हजेरीत. सुरुवातीला नाव टिपणं सगळ्यांनाच जमतं. अर्ध्या वाटेवरून न सांगता घरी निघून गेलेल्याचं काय? त्याचा पत्ता लागेपर्यंत शोधपथक डोंगरात फिरत बसतं. म्हणून सुरुवात, मधला थांबा आणि शेवट अशा तिन्ही ठिकाणी क्रमांक टिपले जातात का आणि मध्येच सोडणाऱ्यानं कुणाला सांगायचं, हे आधी ठरलेलं हवं. मुलाच्या छातीवरच्या क्रमांकाच्या मागच्या बाजूला पालकाचा फोन लिहावा, तोही पक्क्या शाईच्या मार्करनं. साध्या स्केचपेनची शाई घामानं फुटते. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी असावी. मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा, ही डोंगरातली मदतीची हाक. मिनिटात तीन शिट्ट्या हे तिचं उत्तर.

वाटेवरच्या खुणांत फक्त फाट्यावर बाण लावून भागत नाही. फाटा ओलांडल्यावर वीस-तीस पावलांवर दुसरी खूण लागते, म्हणजे ती दिसली नाही की चुकलेला तिथंच परत फिरतो. खडूच्या आणि पिठाच्या खुणा एका सरीत जातात. कापडी फिती बऱ्या, सगळ्यांच्या मागून येणाऱ्यानं त्या सोडून आणायच्या.

पाठीवरच्या कॅरियरमध्ये बाळ नेणार असाल तर एक लक्षात ठेवा: नेणारा घामाघूम होतो, बाळ मात्र न हलता गारठतं. दर अर्ध्या तासानं त्याचे हात-पाय चाचपावेत. खाली वाकताना बाळाचं डोकं आपल्या डोक्याच्याही वर आहे, हे विसरलं की फांदी लागलीच.

स्मृतीचा भाग कमीत कमी असला तर उत्तम. सर्वांनी मिळून शांत उभं राहायचं असेल तर ते सुरुवातीलाच. माथ्यावर ठेवलं तर लोक तासभर मागेपुढे पोचतात आणि ते जमत नाही. फुगे सोडण्याला आमचा साफ विरोध आहे, रबराचे तुकडे प्राण्यांच्या पोटात जातात. पेटवून हवेत सोडायच्या आकाशकंदिलांनी आग लागते. टी-शर्टवर मुलाचा फोटोही नको; वर्षभरात त्याचं फडकं होतं आणि ते आईच्या नजरेस पडायला नको. नाव पुरे. आजाराचा तपशील घरच्यांनी स्वतःहून दिला तरच छापावा.

आता पैशाचं. 'सर्व निधी रुग्णालयाला' या वाक्यात सर्व म्हणजे खर्च वजा जाता की खर्चासकट, हे विचारायला संकोच नको. टी-शर्ट, पदकं, मंडप, ध्वनिक्षेपक आणि ऑनलाइन भरण्यावरची कपात हे सगळं नोंदणी शुल्कातूनच जातं. ज्यांना टी-शर्ट नको त्यांना 'नको' म्हणायची सोय असणं ही आम्हाला चांगल्या आयोजनाची खूण वाटते. रुग्णालयाचं नाव वापरायला त्यांचं लेखी पत्र आहे का, पैसे थेट त्यांच्या खात्यात जातात की आयोजकाच्या, पावती कुणाची, हेही पाहा. यंत्रासाठी निधी असेल तर पुढच्या देखभालीचा आणि सुट्या भागांचा खर्च कोण करणार? ठरल्यापेक्षा कमी-जास्त रक्कम जमली तर ती कुठं वळवणार? नावाचा कायमस्वरूपी निधी असेल तर मुद्दल तसंच राहून बहुधा त्याच्या उत्पन्नातूनच खर्च होतो. ज्यांना यंदाच मदत पोचावी असं वाटतं त्यांनी तो पर्याय घेऊ नये. खेळणी द्यायची तर आधी रुग्णालयाला विचारून. वापरलेली मऊ खेळणी जंतुसंसर्गाच्या भीतीनं सहसा घेत नाहीत.

आणि समारोपाची कमान कधी उतरवतात, तेही विचारा. ती सगळ्यात मागचा स्वयंसेवक पोचल्यावरच उतरवायची असते. बहुतेक ठिकाणी मात्र पाहुणे गेले की दोऱ्या सुटायला लागतात, आणि शेवटचा सहा वर्षांचा गडी पोचतो तेव्हा तिथं नुसते बांबू पडलेले असतात.