एनईएफटी की आरटीजीएस?
कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील गुळाच्या व्यापाऱ्याला 2 लाखांहून कमी रक्कम बँकेतून पाठवायची असेल, तर आरटीजीएस या पद्धतीचा विचारच नको, कारण तिची किमान मर्यादा 2 लाख रुपये आहे. एनईएफटी या दुसऱ्या पद्धतीला अशी अट नाही. कमाल मर्यादा रिझर्व्ह बँकेने दोन्हींना घातलेली नाही, मात्र बँका ऑनलाइन व्यवहारांवर स्वतःची दैनंदिन मर्यादा ठेवतात आणि ऐनवेळी अडते ते बहुधा तिथेच. एनईएफटीचे व्यवहार दर अर्ध्या तासाने गटागटाने, तर आरटीजीएसचे एकेक करून लगेच पूर्ण होतात.

बचत खात्यातून ऑनलाइन एनईएफटी विनाशुल्क आहे. शाखेतून 2 लाखांपुढील एनईएफटीला 25 रुपयांपर्यंत, तर 5 लाखांपुढील आरटीजीएसला 49.50 रुपयांपर्यंत शुल्क आणि वर जीएसटी लागतो; माल गाडीत चढण्याआधी पैसे पोचायला हवे असतील, तर हा फरक किरकोळच म्हणावा लागेल.