गोचीडनाशक पट्टा : दिवाळीपासून चैत्रापर्यंतचा अनुभव

यंदा शिमगा झाला, गुढीपाडवाही झाला आणि तरी खंड्याच्या कानात गोचीड सापडला नाही. आमच्याकडे ही इतकी अनपेक्षित गोष्ट आहे की, किमतीवरून दुकानदाराशी वाद घालून नाइलाजाने घेतलेल्या या पट्ट्याबद्दल सविस्तर लिहावे असे वाटले. आमचे घर सावंतवाडी तालुक्यात, चिऱ्याचे, मागे काजूची बाग आणि तिच्यापलीकडे थेट रान असे आहे. माणसांखेरीज घरात खंड्या हा गावठी कुत्रा, मनी ही मांजर आणि तिची यंदाची दोन पिल्ले राहतात. गोचीड मारणारे औषध मिसळलेला, गळ्यात बांधायचा, आठ महिने चालणारा राखाडी पट्टा म्हटले की कुत्री पाळणाऱ्या कोणालाही कळते, त्यामुळे त्याची प्राथमिक माहिती येथे देत नाही.

हाच पट्टा घेण्याचे कारण खंड्या नसून मनी आहे. थंडीच्या दिवसांत ती खंड्याच्या पोटाशी झोपते आणि जाग आली की त्याची मान चाटते. कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या स्वस्त गोचीडनाशक औषधांपैकी अनेकांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असते. ते पचवून शरीराबाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असल्याने कुत्र्याला चालणारी मात्रा मांजराच्या जिवावर बेतू शकते. गुरांवर फवारायचे औषध कुत्र्यालाही चोळण्याची पद्धत आमच्या वाडीत आहे. मांजर असलेल्या घरात ती कोणी वापरू नये. या पट्ट्यात इमिडाक्लोप्रिड आणि फ्लुमेथ्रिन ही दोन औषधे आहेत आणि याच औषधांचा लहान पट्टा खास मांजरांसाठीही मिळतो, एवढे पशुवैद्यांनी सांगितल्यावर मी पैसे मोजले.

आता तक्रार. मोठ्या कुत्र्याचा पट्टा ७० सेंटिमीटर लांब येतो. ८ किलोंपेक्षा जास्त वजनाच्या प्रत्येक कुत्र्याला, मग तो खंड्यासारखा सडपातळ गावठी असो की एखाद्या बंगल्यातला धिप्पाड ग्रेट डेन, हाच एक पट्टा. मानेभोवती दोन बोटे जातील इतका सैल बांधून, कडीपुढे २ सेंटिमीटर शेपूट ठेवून उरलेला भाग कापून टाका, असे सूचनापत्रक सांगते. खंड्याच्या मानेला बांधून झाल्यावर तिसऱ्या हिश्शाहून अधिक पट्टा माझ्या हातात उरला. औषध काही कडीत नसते, ते पट्ट्याच्या संपूर्ण लांबीत सारखे मिसळलेले असते, म्हणजे कात्री चालवली तेव्हा चार आकडी किमतीचा तिसरा हिस्सा मी स्वतःच्या हाताने कापला. शिंपीसुद्धा उरलेले कापड गिऱ्हाइकाला परत देतो आणि त्याचा उपयोग तरी होतो. येथे तोही होत नाही, कारण हा तुकडा माशांना आणि पाण्यातील इतर जिवांना अपायकारक असल्याने व्हाळात, म्हणजे ओढ्यात, टाकता येत नाही, आणि भाजावळीच्या (शेत भाजण्याच्या) पालापाचोळ्यात जाळावा तर त्याचा धूर आपल्याच नाकात जाणार.

उरलेल्या तुकड्याची लांबी मनीच्या मानेला नेमकी पुरत होती, हे सांगितल्याशिवाय माझा त्रागा वाचकांना कळणार नाही. पशुवैद्यांनी मात्र स्पष्ट नकार दिला. तुकड्याला कडी नाही, दोऱ्याने बांधला तर झाडावर चढणारे मांजर फांदीला अडकून फास बसू शकतो, आणि मांजराच्या पट्ट्याची मात्रा तिच्या वजनाप्रमाणे वेगळी ठरवलेली असते. तिन्ही कारणे बिनतोड आहेत. मनीसाठी लहान पट्टा वेगळा घ्यावा लागला, आणि ३८ सेंटिमीटरच्या त्या पट्ट्याची किंमत आमच्या दुकानात ७० सेंटिमीटरच्या पट्ट्यापेक्षा फारशी कमी नव्हती. लांबीचा हिशेब कंपनीला आमच्याकडूनच हवा असतो, असे दिसते.

पहिल्या आठवड्यात तर मी पट्टा परत करण्याच्या विचारात होतो. खंड्याच्या कानामागे आणि पायांच्या बोटांमध्ये आधीपासून चिकटलेले गोचीड तसेच होते, उलट रक्त पिऊन टपोरे झालेले दिसत होते. पशुवैद्यांनी सांगितले ते असे की, औषध पट्ट्यातून हळूहळू झिरपते, त्वचेवरील तेलकट थरातून सर्वांगावर पसरते आणि नव्याने चढणाऱ्या गोचिडाला ते केवळ स्पर्शाने बाधते. मात्र ज्यांनी आधीच तोंड रुतवलेले आहे ते लगेच मरतील असे नाही, पट्टा बांधण्यापूर्वी ते हाताने काढायला हवेत. हे वाक्य डबीवर ठळक अक्षरांत असायला हवे होते. चिमट्याने अगदी त्वचेलगत पकडून सरळ ओढून ते काढले आणि साबणाच्या पाण्यात टाकले. नखाने चिरडणे आमच्याकडे सर्रास चालते, पण त्यातून रोगजंतू हाताला लागू शकतात. त्यानंतर नवे गोचीड दिसेनासे झाले आणि माझे मतही बदलू लागले.

ते पूर्ण बदलले नाही, याचे कारण भिंत. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड तीन वेळा रक्त पितो, अळी असताना, पिल्लावस्थेत आणि प्रौढ झाल्यावर, आणि प्रत्येक वेळी पोट भरले की गळून पडून लपायला जागा शोधतो. मादी शेवटचे पोट भरल्यावर भेगेत शिरून हजारो अंडी घालते. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर दिसतात ते थोडे, घरात लपलेले बरेच. जांभ्या चिऱ्याला निसर्गतःच भोके असतात, आणि हा प्राणी वर चढण्याच्या सवयीचा असल्याने पडवीच्या भिंतीत वाशांपर्यंत त्याची वस्ती होती. कोणताही पट्टा भिंतीत शिरून काम करत नाही. भिंतीचा खालचा भाग सिमेंटने भरून घेतला, खंड्याचे पोते दर आठवड्याला उकळत्या पाण्यात बुडवले आणि पडवीतील लाकडांचा ढीग घरापासून दूर हलवला. यंदाच्या यशातील किती वाटा पट्ट्याचा आणि किती सिमेंटचा, हे कोणी ठामपणे सांगू शकणार नाही. जाहिरातीत मात्र सगळे श्रेय पट्टाच घेतो.

पट्ट्याची खरी परीक्षा माघानंतर झाली. काजूला बोंडे धरू लागली की आमचा अर्धा दिवस बागेत जातो आणि खंड्या पाचोळ्यातून नाक खुपसत पुढे चालतो. पातेरा गोळा करण्याचे, भाजावळीचे आणि काजू वेचण्याचे हे कोरडे महिने म्हणजेच रानातील गोचिडांच्या पिल्लांचा काळ. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली ओळखला गेलेला, गोचिडांच्या चाव्यातून होणारा माकडताप २०१६ पासून आमच्या सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात माणसांना होऊ लागला, आणि रोगी बहुतेक काजूच्या बागांत व रानात वावरणारेच होते. त्यामुळे आमच्याकडे गोचीड हा केवळ कुत्र्याचा प्रश्न राहिलेला नाही. पट्टा कुत्र्याच्या गळ्यात आहे म्हणून माणसाला संरक्षण मिळत नाही, हे बजावून सांगतो. बागेत जाताना अंगभर कपडे, हातापायांना आरोग्य खात्याचे गोचीड दूर ठेवणारे तेल आणि परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ हे सर्व चालूच ठेवावे लागते. मात्र रानातील गोचीड अंगावरून घरात आणण्याचे काम पूर्वी खंड्या चोख बजावत असे. यंदा बागेतून परतल्यावर त्याच्या अंगावरून हात फिरवताना सापडले ते दोन-चार, मेलेले किंवा मरायला टेकलेले.

किरकोळ गोष्टी. अंधारात चमकणाऱ्या चिमुकल्या पट्ट्या सोबत येतात, त्या पहिल्याच महिन्यात बागेत कुठेतरी पडल्या. मानेखालचे केस सुरुवातीला थोडे विरळ झाले, त्वचा लालसर दिसली, पण पट्टा थोडा सैल केल्यावर ते थांबले. खंड्या दुपारी व्हाळात जाऊन बसतो, आणि वारंवार भिजल्याने औषधाचा काळ घटतो असे पत्रकात आहे, तेव्हा आठ महिन्यांचा दावा मी जमेस धरत नाही. लहान मुले त्याच्या गळ्यात हात टाकून लोळतात, त्यांना नंतर हात धुवायला लावावे लागते.

खर्चाच्या बाबतीत माझे मत सर्वांत जास्त हलले. गेल्या वर्षी याच दिवसांत खंड्याला गोचीडताप झाला होता. हिरड्या पांढऱ्या पडल्या, रक्तातील प्लेटलेट उतरल्या, आणि डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या गुळात लपवून जवळजवळ महिनाभर द्याव्या लागल्या. त्यातील गूळ तेवढा तो खात असे. रक्ततपासणी, औषधे आणि तालुक्याच्या खेपा यांचा खर्च दोन्ही पट्ट्यांच्या किमतीपेक्षा अधिक झाला होता. दर महिन्याला मानेवर सोडायचे थेंब स्वस्त वाटतात, पण आठ महिन्यांचा हिशेब मांडला की तेही स्वस्त उरत नाहीत, शिवाय तारीख विसरली की मधला आठवडा उघडा पडतो.

आणि हिशेबात न बसणारी एक गोष्ट मिळाली. चैत्रातल्या दुपारी खळ्यात फणसाची सावली पडते, तांबट पक्ष्याचा ठोका चाललेला असतो, आणि पूर्वी हा सगळा वेळ कुत्र्याचे कान उलटेपालटे करण्यात जात असे. खंड्या तेव्हा चिमटा दिसताच माडाखाली पळून जायचा. यंदा तो आपण होऊन पायाशी येऊन पडतो, मनी त्याच्या पाठीवर, पिल्ले त्याच्या शेपटीवर, आणि मी काजूगर सोलत बसतो.

लांबीबद्दल मी विक्रेत्याच्या ग्राहकसेवेला दूरध्वनी केला होता. मधल्या आकाराचा पट्टा का काढत नाही, असे विचारल्यावर समोरच्या मुलीने नम्रपणे सांगितले की मोठ्या कुत्र्यांसाठी एकच आकार आहे, आणि लगोलग मोबाइलवर मला सेवेला पाचपैकी किती तारे देणार असे विचारणारा संदेश आला. मी तीन दिले. पट्ट्याला चार देईन. पावसाळ्यात खंड्या रानात फारसा जात नसल्याने आता लगेच नवा घेणार नाही. पुढचा मार्गशीर्षात बांधायचा, म्हणजे काजूचा सगळा हंगाम त्यात बसतो. तोवर मध्यम कुत्र्याच्या मापाचा पट्टा कोणाला कुठे मिळाल्यास किमतीसह जरूर कळवावे.