गॅस भरण्याआधी गळती शोधणारे गॅरेज : सांगली-मिरज रस्त्यावरील कार ए.सी. दुरुस्तीचा अनुभव

विश्रामबागेहून मिरजेकडे जाताना मुख्य रस्त्यापासून थोड्या आत, पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या एका लहान गॅरेजमध्ये या उन्हाळ्यात आमच्या छोट्या हॅचबॅकचा ए.सी. दुरुस्त करून घेतला. दर्शनी भागात मोठा फलक नाही, बसायला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत आणि दुपारी शेड चांगलेच तापते. तरीही गाडीच्या ए.सी.तून गरम हवा येऊ लागली, तर सांगली परिसरात आधी इथेच जावे असे माझे स्पष्ट मत झाले आहे, आणि त्याचे कारण तेथील तपासणीची पद्धत हे आहे.

तक्रार अशी होती की ए.सी. सुरू केल्यावर हवा जेमतेम कोमट येई, आणि कॉम्प्रेसरचा (गॅस दाबणाऱ्या पंपाचा) क्लच काही सेकंदांच्या अंतराने टक-टक आवाज करीत चालू-बंद होत राही. आधी दुसऱ्या एका ठिकाणी ‘गॅस कमी झालाय’ एवढेच सांगून गॅस भरून दिला होता. काही आठवडे गारवा राहिला आणि कडक ऊन सुरू होताच पुन्हा तेच. या गॅरेजच्या मिस्त्रींना हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “सर, गॅस संपत नसतो, तो गळतो. कुठून गळतो ते आधी बघू, भरायचं नंतर.”

त्यांनी आधी गाडी बंद असतानाच दाब मोजणारे गेज जोडले. काटा 120 पीएसआयच्या आसपास होता, आणि तेवढ्यावरून गॅस पुरेसा आहे असे कोणालाही वाटले असते. परंतु आर-134ए हा गॅस यंत्रणेत थोडा जरी द्रवरूपात शिल्लक असला, तरी बंद गाडीतील दाब फक्त तापमानावर ठरतो. सांगलीच्या अडतीस अंशांच्या दुपारी निम्म्या गॅसवरही काटा तेवढाच चढतो, हे त्यांनी मला समजावून सांगितले. इंजिन चालू केल्यावर मात्र चित्र पालटले. एवढ्या उन्हात कमी दाबाची बाजू चाळीसच्या आसपास आणि जास्त दाबाची बाजू सव्वादोनशेच्या पुढे असायला हवी, ती अनुक्रमे पंधरा आणि एकशेतीसच्या घरात होती. दोन्ही बाजू एकदम खाली असणे हे गॅस कमी असल्याचे लक्षण आहे खरे, पण एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅसचा दाब उतरवणारी झडप) अडकला तरी कमी दाबाचा काटा असाच खाली जातो, म्हणून त्यांनी निष्कर्षाची घाई केली नाही. सगळा गॅस यंत्रात ओढून घेऊन त्याचे वजन केले. बॉनेटच्या आतील स्टिकरवर 420 ग्रॅम लिहिलेले होते आणि यंत्राने 190 ग्रॅम दाखवले.

त्यानंतरचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. कंडेन्सरच्या (गाडीच्या पुढच्या भागातील, गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या) खालच्या नळीच्या जोडावर तेलकट, काळपट धूळ जमलेली त्यांनी बॅटरीच्या उजेडात दाखवली. गॅस दिसत नाही, पण त्याच्यासोबत कॉम्प्रेसरचे तेल झिरपते आणि त्यावर रस्त्याची धूळ बसते. यंत्रणेत नायट्रोजनचा दाब देऊन जोडावर साबणाचे पाणी लावताच मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग एक फुगू लागले. जोड उघडल्यावर आतील ओ-रिंग चपटी आणि इतकी कडक झालेली आढळली की नखाने दाबली तरी दबत नव्हती. एवढ्याशा रबरी कड्यापायी आधी भरलेला गॅस वाया गेला होता. शिवाय आर-134ए हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,430 पट उष्णता धरून ठेवणारा वायू असल्यामुळे गळती तशीच ठेवून वरून गॅस भरत राहणे केवळ खिशालाच महाग पडते असे नाही.

ओ-रिंग आणि ओलावा शोषणारा ड्रायर बदलून त्यांनी पुन्हा नायट्रोजन भरला आणि काटा हलत नाही याची तासभर खात्री केली. मग बराच वेळ व्हॅक्यूम पंप चालवला. ही पायरी वेळ वाचवण्यासाठी अनेक ठिकाणी उरकली जाते. पण आत दमट हवा राहिली तर पाण्याचा अंश एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी गोठून गारवा मध्येच बंद पडू शकतो. बाहेर आले तेवढेच तेल परत घालून, वजनकाट्यावर मोजून 420 ग्रॅम गॅस भरला. कंडेन्सरच्या पापुद्र्यांत उसाच्या वाळक्या पाचटाचे तुकडे आणि माती अडकली होती, तीही कमी दाबाच्या पाण्याने साफ केली. गाळप हंगामात आष्टा रस्त्याने नियमित ये-जा करणाऱ्यांनी हे वर्षातून एकदा करून घ्यायलाच हवे. शेवटी डॅशबोर्डवरील हवा येण्याच्या मधल्या झडपेत तापमापक ठेवला : बाहेर अडतीस अंश असताना आत येणारी हवा आठ अंशांवर स्थिरावली.

काही उणिवाही नोंदवल्या पाहिजेत. काम सकाळी सुरू होऊन संध्याकाळी संपले आणि मध्ये किती वेळ लागेल याचा अंदाज विचारल्याशिवाय कोणी दिला नाही. केबिन फिल्टर मी आठवण केल्यावर पाहिला गेला. तो धुळीने भरलेला निघाला. तपासणीचे पैसे दुरुस्ती न करताही द्यावे लागतात, आणि ते योग्यच असले तरी गाडी ताब्यात घेण्यापूर्वी सांगायला हवे. बिल मात्र चोख होते : ओ-रिंग, ड्रायर, गॅस ग्रॅममध्ये, तेल आणि मजुरी हे सर्व वेगवेगळे लिहिलेले, आणि एकूण रक्कम चार हजारांच्या आत. जुनी ओ-रिंग आणि ड्रायर न मागता हातात दिले.

डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइल गळत असेल तर पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि खर्च बराच वाढतो, तसे काम येथे होते का हे आधी विचारून घ्यावे. बाकी गळती, कंडेन्सर, पंखा किंवा क्लचच्या कामासाठी सकाळी लवकर, इंजिन थंड असताना गाडी नेऊन दिवसभर ठेवण्याची तयारी असावी.