नेपियरला शेणखत की गोबरगॅसची स्लरी?

नेपियर या चाऱ्याच्या गवताला शेणखत द्यायचं की गोबरगॅसच्या टाकीतून निघणारं पातळ शेण, म्हणजे स्लरी? शेण तेच, गोठाही तोच, मग एवढा विचार कशाला, असं बरेच जण म्हणतात. उसाच्या रानात मीही फार विचार करत नाही. पण जे गवत कापून सरळ गव्हाणीत किंवा मुरघासाच्या (हवाबंद ठेवून आंबवलेल्या चाऱ्याच्या) बॅगेत जायचं आहे, तिथं फरक पडतो. माझ्याकडं नेपियरच्या जातींपैकी फुले जयवंत आहे, थोडा डीएचएन-6 आहे आणि मुरघासासाठी मका असतो. नेपियरला मी दोन्ही देऊन बघितलंय.

लागवडीच्या आधी नांगरटीत मिसळायला शेणखतासारखं दुसरं काही नाही, मुरमाड रानात तर नाहीच. अडचण सुरू होते ती पुढं. नेपियर एकदा लावला की दोन-तीन वर्षं रान मोडत नाही, म्हणजे नंतरचं सगळं खत उभ्या ठोंबांत द्यायचं. ट्रॉली आत घातली तर ठोंब चाकाखाली जातात. म्हणून बांधावर ढीग, तिथून पाट्या, आणि त्यासाठी माणसं. आमच्याकडं टोमॅटो-कांद्याच्या दिवसांत पाटी उचलायला माणूस मिळत नाही. एवढं करून वर पसरलेलं खत मातीत मिसळलं जात नाही, उन्हात वाळतं आणि नत्र काही प्रमाणात उडून जातं. अर्धवट कुजलेलं असेल तर हुमणीला (मुळं खाणाऱ्या अळीला) घर तयार. वळवाचा पाऊस पडून हुमणीचे भुंगेरे निघाले की अंडी घालायला त्यांना हेच हवं असतं.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. नाही चालवून घेतला तो दोरा. सरकी पेंडीच्या पोत्याची शिवण उसवली की तो दोरा कुठं जातो? गव्हाणीच्या कडेला पडतो, तिथून शेणात, शेणातून उकिरड्यावर. सोबत तुटलेलं नायलॉनचं दावं, पिशव्यांच्या चिंध्या, कधी ताटीची तार. शेण कुजतं, नायलॉन कुजत नाही. ते खत ठोंबांत पडलं की नवे फुटवे दोऱ्यातूनच वर येतात आणि कापणीला पेंढीबरोबर दोराही येतो. चारा बारीक करायच्या कुट्टी मशीनच्या रोलरला तो असा गुंडाळतो की मशीन बंद करून, पातं मागं घेऊन, विळ्यानं कापत बसावं लागतं. तेही धारेच्या वेळी, गाई हंबरत असताना. तार आली तर पातं जातं, आणि पात्यातून सुटलेला तुकडा गाईच्या पोटात गेला तर काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. घरच्यांना, गड्याला सांगून बघितलं. दोरा खिशात ठेवा म्हटलं तर चार दिवस ठेवतात.

स्लरीत हा प्रकार जवळपास संपला. कारण साधं आहे: गोबरगॅसच्या टाकीत शेण-पाणी कालवताना ते रोज हाताखालून जातं. दोरा तिथंच सापडतो, उरलेलं तोंडाशी लावलेल्या जाळीवर अडकतं. उकिरड्यावर वर्षभराचं शेण कोण चिवडत बसणार?

कापणी झाली की आठवड्याच्या आत पाटाच्या पाण्याबरोबर स्लरी सोडतो. उशीर करत नाही, पानांवर उडालेलं शेण मुरघासात नको. आंबवण बिघडून वास मारायला तेवढंही पुरतं. त्यातलं नत्र गवताला लवकर लागतं. मोजमाप केलेलं नाही, पण स्लरीच्या वाफ्यातली गडद हिरवी काळोखी बांधावरून ओळखू येते आणि तणही मला कमी वाटतं. युरियाचा हात मात्र आखडता घ्यावा. नत्र जादा झालेलं, वर पाण्याचा ताण बसलेलं कोवळं गवत जनावराला बाधतं.

स्लरीला खोडी नाहीत असं नाही. शेणाइतकंच पाणी घालायचं, म्हणजे वाहून न्यायचं ते बहुतेक पाणीच. गोठ्यापासून लांबच्या किंवा चढावरच्या पट्टीला ती परवडत नाही. ठिबकमधून द्यायची तर गाळणीचा व्याप वेगळा, आणि रानाला भर देण्यात ती शेणखताची बरोबरी करणार नाही. मुक्त संचार गोठा (जनावरं न बांधता मोकळी सोडलेला) असेल तर प्रश्नच मिटला. शेण तिथंच तुडवलं जाऊन भुकटी होते, तिची स्लरी करत बसण्यात अर्थ नाही. (मेंढरं बसवणं हा तिसरा उपाय कुणीतरी सुचवेलच. उत्तम खत, पण मेंढरू आधी नेपियर संपवेल.)

मक्याला मी अजून शेणखतच देतो, पेरणीआधी रान मोकळं असतं आणि खत रोटरनं मातीत जातं. नेपियरचं म्हणाल तर ज्याची जनावरं गव्हाणीला बांधलेली आहेत आणि गवत गोठ्याच्या उताराला आहे, त्यानं स्लरीकडं वळायला हरकत नसावी. स्लरीचा पंप मात्र लगेच घेऊ नका. एक-दोन कापण्या पाटानंच देऊन बघा.