नाव मोठं, लक्षण खोटं? ‘विचर ३’च्या गोष्टीची झाडाझडती

आरपीजी (रोल-प्लेइंग, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या) गेमचं कौतुक सुरू झालं की गाडी गोष्टीवर येतेच. लढाई ठीकठाक, ग्राफिक्स जुने झाले, पण गोष्ट काय आहे राव! या कौतुकात हमखास येणारं नाव म्हणजे ‘द विचर ३: वाइल्ड हंट’. वॉर्सातल्या सीडी प्रोजेक्ट रेडने हा गेम १९ मे २०१५ रोजी बाजारात आणला, १४ डिसेंबर २०२२ ला नव्या कन्सोलसाठी घासूनपुसून पुन्हा दिला, आणि ‘गोष्टीसाठी कुठला गेम घेऊ?’ या प्रश्नाला अजूनही पहिलं उत्तर हेच मिळतं. उत्तर चूक नाही. फक्त ज्या गोष्टींमुळे हे नाव झालं त्यांत मुख्य गोष्ट येत नाही, हे आधी कोणी सांगत नाही. (पुढे सगळी रहस्यं फोडली आहेत. कोरं खेळायचं असेल तर शेवटचे दोन परिच्छेद तेवढे वाचा.)

मुख्य गोष्ट थोडक्यात अशी. पैसे घेऊन राक्षस मारणारा, म्हणजेच ‘विचर’, गेराल्ट आपल्या मानलेल्या मुलीला, सिरीला, शोधतोय. तिच्या मागे वाइल्ड हंट ही घोडेस्वारांची टोळी लागली आहे. म्हणजे घाई आहे. आणि एवढी घाई लावून गेम आपल्याला व्हेलेनच्या दलदलीत सोडतो, गावोगावी नोटीस बोर्ड लावतो आणि हातात ग्वेंटचे पत्ते देतो. पोरीच्या जिवावर बेतलंय आणि बाप खानावळीत डाव मांडून बसलाय! खुल्या जगाच्या जवळपास प्रत्येक आरपीजीचं हे दुखणं आहे आणि विचरलाही त्यावर औषध सापडलेलं नाही. वाइल्ड हंटचा म्होरक्या, खलनायक एरेडिन तर नावालाच. शेवटच्या लढाईपर्यंत त्याच्या वाट्याला मोजके प्रसंग येतात, आणि त्याला सिरी कशासाठी हवी हेही बहुतेक दुसरेच सांगतात. सगळी जगं गिळायला निघालेला व्हाइट फ्रॉस्ट हा गारठा शेवटी सिरी एका मनोऱ्यात शिरून थांबवते. कसा, ते पडद्याआड. केर मोर्हेन या विचरांच्या किल्ल्यातल्या लढाईपर्यंत चढत गेलेली गोष्ट त्यानंतर उरकल्यासारखी वाटते.

मग इतकं नाव कशामुळे? पहिल्याच गावात, व्हाइट ऑर्चर्डमध्ये, त्याचा नमुना मिळतो. एक म्हातारी बंद झोपडीच्या दारावर धडका देत असते. तिचा तवा आत अडकलाय, तेवढा काढून द्या म्हणते. बक्षीस फुटकळ, काम पाच मिनिटांचं. आत एक प्रेत आहे, चुलीत जळालेले कागद आहेत, एक मोनोकल (एका डोळ्याचा चष्मा) पडलाय, आणि तवा मात्र लख्ख. का? तर कोणीतरी त्याची काजळी खरवडून शाई केली, पत्र लिहिलं आणि बाकीचे कागद जाळून पसार झाला. म्हातारीला यातलं काही कळत नाही, तवा घासून दिला म्हणून ती खूश. पुढे कधीतरी एक मोनोकलवाला इसम भेटतो तेव्हा ज्याला आठवेल त्याला आठवेल, गेम कोपराने ढोसत नाही. लढाई नाही, निवड नाही. एका स्वच्छ तव्यावर अख्खं हेरकथेचं प्रकरण उभं केलंय.

याच हातोटीचं मोठं रूप म्हणजे ब्लडी बॅरन या सरदाराची गोष्ट. सिरीचा ठावठिकाणा हवा असेल तर आधी माझी हरवलेली बायको ॲना आणि मुलगी तमारा शोधून दे, असं बॅरन सांगतो. घरात शोधाशोध केली की हळूहळू उलगडतं ते असं: दारुडा नवरा, मारझोड, आणि त्यातच पडलेला गर्भ. विधीविना पुरलेल्या, नाव न ठेवलेल्या त्या अर्भकाचा बॉचलिंग नावाचा राक्षस झालाय. इथे दोन वाटा आहेत. एक, त्याला मारून त्याचं रक्त घ्यायचं आणि पुढचा माग काढायचा. दुसरी वाट अवघड, पण गेमचा खरा कस तिथेच दिसतो. बॅरन ते अक्राळविक्राळ पोर स्वतःच्या हातांवर घेऊन पावसात घराकडे चालतो. वाटेत पिशाच्चं आडवी येतात. आपण त्यांच्याशी लढायचं आणि पोर चवताळलं की ॲक्सी हे मन वळवणारं जादूचं चिन्ह टाकून ते शांत करायचं. इथे चूक होते ती एकच: लढाईच्या नादात पोराकडे दुर्लक्ष. उशीर झाला की ते बिथरतं आणि मारण्यावाचून इलाज राहत नाही. म्हणून आधीच एक-दोन स्किल पॉइंट ॲक्सीत टाकलेले बरे. उंबरठ्याशी पोचल्यावर बॅरन त्याला मुलगी म्हणून पदरात घेतो, ‘डिया’ हे नाव ठेवतो आणि उंबऱ्याखाली पुरतो. या पाच-सात मिनिटांत बॅरन निर्दोष ठरत नाही, गेम तसा आवही आणत नाही. पण तोवर नुसता दारूचा बुधला वाटणारा हा माणूस, स्वतःच्या हातून मेलेलं पोर घेऊन चालताना, माणूस वाटायला लागतो. आपण कंट्रोलर धरून त्याच्या शेजारून चालत असतो, म्हणून हे जास्त लागतं. तोच प्रसंग नुसता पडद्यावर पाहिला असता तर पोर बिथरेल ही धाकधूक आपली झाली नसती.

पुढची गाठ व्हिस्परिंग हिलॉकची. टेकडीखालच्या झाडात एक आत्मा कोंडलाय. दलदलीतल्या तीन क्रोन म्हाताऱ्या ज्या अनाथ पोरांना खाणार आहेत त्यांना मी सोडवतो, मला मोकळं कर, असं तो म्हणतो. मोकळं करायचं तर तीन वस्तू लागतात: त्याचे अवशेष, कावळ्याचं पीस आणि एक रानटी काळा घोडा. नाहीतर झाडाचं काळीज फोडून त्याला संपवायचं. मोकळं केलं तर पोरं वाचतात, पण डाउनवॉरन गावाची कत्तल होते, आणि पोरं निसटली म्हणून त्यांना सांभाळणाऱ्या बाईला क्रोन शिक्षा करतात. ती बाई म्हणजेच ॲना. तिची पाणहडळ होते. शाप उतरवायला बाहुल्यांतून जांभळ्या हॉलीहॉकची बाहुली उचलावी लागते. ती अचूक उचलली तरी ॲना माणूस होऊन मरते आणि बॅरन गळफास घेतो. आत्म्याला मारलं तर पोरं जातात, ॲना वेडी होते पण जगते, आणि बॅरन तिला घेऊन डोंगराच्या पायथ्याच्या वैद्याकडे निघतो. दोन्ही वाटांनी त्याच्या गढीत पुढे सार्जंटचा धुमाकूळ सुरू होतो, कारण बॅरन कितीही वाईट असला तरी त्या टोळीला वेसण त्याचीच होती. पुण्याची वाट कुठली, हे गेम रंगाने, गुणांनी किंवा संगीताने सुचवत नाही. आणि परिणाम लहरीने टाकलेले नाहीत. मागे वळून पाहिलं की प्रत्येक कडी जुळते. बरेच आरपीजी इथे गडबडतात. त्यांच्या निवडी चांगलं आणि वाईट अशा दोन डब्यांत आधीच भरून ठेवलेल्या असतात.

भुतांबद्दल जाता जाता. नूनरेथ हे भूत भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना शेतात फिरतं. मूळ स्लाव्ह लोककथांमधलं. ‘भर बाराच्या उन्हात एकट्याने जाऊ नये’ हे ज्यांनी आजीकडून ऐकलंय त्यांना या भुताची ओळख करून द्यावी लागत नाही.

आता उणी बाजू, आणि ती लहान नाही. व्हेलेन संपवून नोव्हिग्राडला आलात की गोष्टीत पाणी वाढतं. सिरीसाठी गेराल्टच्या कवीमित्राला, डँडेलियनला शोधायचं. त्याच्यासाठी त्याच्या मैत्रिणींच्या घरी हेलपाटे, मग शहरातले गुंड, मग एका गुंडाच्या ठिकाणासाठी दुसऱ्या गुंडाचं काम, मध्येच एक नाटक बसवायचं. प्रसंग सुटे पाहिले तर मजेदार आहेत, पण माळ इतकी लांबते की आपण कोणाला शोधायला निघालो होतो तेच विसरायला होतं. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा हा प्रकार दहाएक तास चालतो.

दुसरी उणीव अख्खा गेम व्यापून आहे. गेराल्ट माग काढण्यात तरबेज, पण आपण? एक बटण दाबून धरायचं, लाल चमकणाऱ्या खुणांजवळ जायचं, गेराल्ट मोठ्याने निष्कर्ष सांगतो. तपास त्याचा, चालणं आपलं. २०१९ च्या ‘डिस्को एलिसियम’ या गेममध्ये तपास चुकू शकतो; फासे उलटे पडले की संभाषण भलतीकडे जातं आणि तेही गोष्टीत जमा होतं. विचरच्या बहुतेक क्वेस्टमध्ये, म्हणजे गेमने दिलेल्या कामांत, पुरावा हुकण्याची सोयच नाही. दहावा राक्षस मारेपर्यंत हे दळण वाटायला लागतं.

तिसरी गोष्ट संभाषणाच्या पर्यायांची. पडद्यावर तीन-चार शब्द असतात, गेराल्ट बोलतो किंवा करतो ते बरंच वेगळं. सगळ्यात कुप्रसिद्ध उदाहरण डायक्स्ट्रा या माजी हेरप्रमुखाचं. स्नानगृहात तो वाट अडवतो तेव्हा पर्याय येतो: त्याला बाजूला ढकल, जोरात. वाटतं, खांद्याने सारेल. गेराल्ट त्याचा पाय मोडतो. आणि त्यासरशी राजा रॅडोविडच्या हत्येचा ‘रीझन ऑफ स्टेट’ हा क्वेस्ट कायमचा हातून जातो, म्हणजे रॅडोविड आणि नील्फगार्डचं साम्राज्य यांच्यातलं युद्ध कोण जिंकणार हेच बदलतं. बरं, तो क्वेस्ट मिळाला तरी शेवट फसलेलाच. एवढा मुरलेला हेर शेवटी मूठभर माणसं घेऊन गेराल्टच्या समोरच त्याचा जुना साथी व्हर्नन रोशला मारायला निघतो आणि गेराल्टने मुकाट बाजूला व्हावं अशी अपेक्षा ठेवतो. पात्राची सगळी अक्कल गोष्ट संपवण्यासाठी काढून घेतली आहे.

सिरीचं भवितव्य ज्यावर ठरतं त्या निवडी मात्र मुख्य गोष्टीतली एकमेव अव्वल कारागिरी आहे. जगाला वाचवण्याशी त्यांचा काही संबंध नाही. ती खचलेली असताना तिच्यासोबत दारू पीत बसायचं की बाहेर बर्फाचे गोळे फेकायचे. सम्राट एम्हिरकडे नेलं तर त्याचे पैसे घ्यायचे का. जादूगारिणींच्या बैठकीला तिला एकटीला जाऊ द्यायचं का. तिचा एल्फ गुरू अव्हलाखची प्रयोगशाळा फोडायला निघाली तर आवरायचं का. स्क्याल या तरुणाच्या थडग्यापर्यंत तिच्याबरोबर जायचं का. उत्तरं अशी: बर्फ, पैसे नाहीत, एकटीला जाऊ द्या, फोडू द्या, बरोबर जा. सूत्र एकच, पोरीवर विश्वास टाका. त्यांचा जमाखर्च अखेरीस होतो: ती परत येते किंवा येत नाही. सम्राज्ञी व्हायला हवी असेल तर तिला एम्हिरकडे नेणं आणि रॅडोविडचा काटा निघून एम्हिरचं नील्फगार्ड जिंकणं, हे दोन्हीही जुळावं लागतं. पण त्या-त्या क्षणी पडद्यावर अशी काही खूण नसते की हे महत्त्वाचं आहे. काहींना हा अन्याय वाटतो. उलट, खूण असती तर लोकांनी बर्फाचे गोळे गुणांसाठी फेकले असते.

या सगळ्यानंतर ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ हा ऑक्टोबर २०१५ चा जोड-भाग खेळला की मुख्य गोष्टीत काय कमी होतं ते लख्ख दिसतं. दहाएक तासांचा ऐवज, पात्रं चार-पाच. गाँटर ओ’डिम नावाचा हसतमुख आरसेविक्या गेराल्टला देण्यात अडकवतो. ओल्गिएर्ड या माणसाच्या तीन इच्छा पुऱ्या करायच्या. त्यातली एक अशी की त्याच्या मेलेल्या भावाला एक रात्र मजा करू द्यायची. भूत गेराल्टच्याच अंगात शिरतं आणि एका लग्नात नाचतं, डुकरं हाकतं, बायकांना डोळे मारतं. हसून हसून पुरेवाट होते, आणि मग तिसऱ्या इच्छेत ओल्गिएर्डच्या बायकोच्या चित्रात शिरून त्यांचा संसार कसा विझला ते बघावं लागतं. जग बुडत नाही. सगळं एका करारावर चाललंय, आणि इथे खलनायक फार काही न करताही भीती घालतो. मे २०१६ चा ‘ब्लड अँड वाइन’ याच्या दुप्पट मोठा, देखणा, पण बांधणी थोडी सैल.

खेळायला घेणाऱ्यांसाठी कामाचं. दोन्ही जोड-भाग असलेली कंप्लीट एडिशनच घ्या. पीसीवर सुमारे ५० जीबी जागा ठेवा. मराठी किंवा हिंदी नाही, इंग्रजी सबटायटल भरपूर वाचावं लागतं, म्हणून सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करा. आवाज पोलिश ठेवून पाहा, गावरान पात्रं जास्त खरी वाटतात. अवघडपणाच्या चार पायऱ्या आहेत. गोष्टीसाठी खालून दुसरी पुरे. वरच्या दोन पायऱ्यांवर ध्यानाला बसून जखमा भरत नाहीत आणि अर्धा वेळ खाणं शोधण्यात जातो. सुरुवातीला विचर २ चं सेव्ह सिम्युलेट करण्याचा पर्याय चालू ठेवा आणि लेथो या दुसऱ्या विचरला जिवंत सोडलं असं सांगा, म्हणजे तो पुढे भेटतो आणि केर मोर्हेनच्या लढाईला बोलावता येतो. ट्रिस आणि येनेफर या गेराल्टच्या प्रेमातल्या दोन जादूगारिणी, दोघींनाही प्रेमाची कबुली दिली तर हातात काहीच उरत नाही, हेही आधीच सांगून ठेवलेलं बरं.

क्वेस्टचा क्रम गोष्टीच्या हिशोबाने लावा. बॅरनचं प्रकरण लेव्हल ५-६ ला आहे, तेव्हाच पुरं करा. क्वेस्टची लेव्हल तुमच्यापेक्षा सहाने खाली गेली की तो करडा होतो आणि अनुभवाचे गुण नाममात्र मिळतात. स्केलिगे बेटांना लेव्हल १६ च्या आसपास निघा. तिथल्या समुद्रातली प्रश्नचिन्हं तस्करांची पेटारी आहेत, त्यांत गोष्ट म्हणून काही नाही, होडी वळवू नका. नकाशावरची न पाहिलेल्या ठिकाणांची चिन्हं बंद करता येतात, पहिल्याच दिवशी बंद करा. ‘आयल ऑफ मिस्ट्स’ला निघताना गेम सावधगिरीची सूचना देतो, ती गांभीर्याने घ्या: ‘ॲन आय फॉर ॲन आय’, ‘अ डेडली प्लॉट’ आणि ‘रेडानियाज मोस्ट वाँटेड’ हे क्वेस्ट त्याआधी पुरे नसतील तर रॅडोविडचं प्रकरण उघडतच नाही. तिथे एक वेगळं सेव्ह करून ठेवा, त्याच्यावर पुन्हा सेव्ह करू नका. आणि ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ मुख्य गोष्ट संपवूनच सुरू करा. त्यातली कामं लेव्हल तिशीच्या पुढची आहेत, गटारातला बेडूक तर हलक्या चिलखतात आलेल्याला दोन उड्यांत आडवा करतो.