वेताळ टेकडी की बोपदेव? पुण्यात एमटीबी घेऊन सकाळी कुठं जायचं

एमटीबी, म्हणजे कच्च्या डोंगरवाटांवर चालवायची माउंटन बाइक घेऊन झाली, आता पुण्यात ती मातीत घालायची कुठं, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी लिहितोय. मी गेली चार वर्षं वेताळ टेकडी आणि बोपदेव घाटाच्या वरचा माळ, असा दोन्हीकडे जातोय, मध्ये काही महिने तळजाईलाही जाऊन बघितलं. तळजाईचं पटकन सांगतो, सहकारनगर-पद्मावतीकडं राहत असाल तर झाडी छान आहे, पण ते चालणाऱ्यांचं रान आहे असं मला वाटतं, सायकलला जरा लय सापडते तोवर वाट संपलेली असते. आणि कात्रज-सिंहगडचा ट्रेक कुणी सुचवला तर नको, तिथं निम्मा वेळ सायकल खांद्यावरच राहील.

नुसत्या चालवण्याच्या मजेचं म्हणाल तर बोपदेव पुढं आहे, हे मान्यच करतो. कोंढवा, येवलेवाडी करत घाट चढलात की वर डांबर सोडायचं आणि कानिफनाथाच्या बाजूला वळायचं, मग उघडा माळ लागतो. मुरमाची वाट, मधूनमधून उघडा पडलेला कातळ, आणि उतारावर पुढचं वळण लांबूनच दिसतं त्यामुळे ब्रेकवरची बोटं काढून जाता येतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातला समोर मेंढरं सोडली तर कोणी नसतं, वारा मात्र कानात घुसतो, कानटोपी घ्याच. पुढं भिवरी-चांबळीकडं गाडीवाटा आहेत, त्यावर दिवस घालवता येईल. दोन गोष्टी मात्र सांभाळा. पावसाळ्यात शेताकडच्या वाटेला लागलात की काळी माती टायरला धरते, फोर्कखाली, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या मध्ये, असा लगदा जमतो की चाक फिरतच नाही, काडीनं खरवडत बसायचं आणि दहा पावलांवर परत तेच. आणि दिवाळीनंतर सराटे, ते चपटे काटेरी गोळे असतात ना, एका राईडला माझ्या मागच्या टायरमधून सात निघाले होते, ट्यूबलेस नसतं तर घरापर्यंत ढकलत आलो असतो. शिवाय अंधार पडल्यावर तिकडं थांबू नका, एकट्यानं तर नाहीच.

वेताळ टेकडीवर असा मोकळा उतार नाही. तिथं ग्लिरिसिडियाच्या झाडीतून अरुंद पायवाटा आहेत, सुटे दगड, मुळं, आणि अचानक पायऱ्यांसारखा कातळ, त्यामुळे वेग कमी आणि काम जास्त. हँडल कसं वळवायचं, वजन मागं कधी न्यायचं, हे मी तिथंच शिकलो. जुन्या खाणीच्या काठानं जाताना मोर ओरडतात, आणि फेब्रुवारीत पानं गळालेल्या ग्लिरिसिडियाला गुलाबी फुलं येतात तेव्हा तर शहराच्या मधोमध आहोत हे खरं वाटत नाही. अडचण एकच, माणसं. सकाळी सहा ते आठ इतके लोक चालायला येतात की उतारावर सारखा ब्रेक दाबूनच राहावं लागतं, आणि तसंच पाहिजे, कारण टेकडी आधी त्यांची आहे, वीस-वीस वर्षं येणारी आजी-आजोबा मंडळी आहेत. घंटी वाजवा, "काका, उजवीकडनं येतोय" म्हणा, सगळे हसून वाट देतात. वनखात्याची जागा आहे, गेटवर फलकावर काय लिहिलंय ते वाचून मगच सायकल आत घ्या.

आता एवढं सगळं बोपदेवच्या बाजूनं असताना मी आठवड्यातून तीनदा टेकडीवरच का जातो? परतीचा रस्ता. साडेनऊला घाट उतरून कोंढव्यात शिरलात की संपलं. जाड गुट्ट्यांचे टायर डांबरावर घुंऽऽ करत चिकटल्यासारखे चालतात, पाय आधीच गेलेले असतात, डाव्या बाजूला उभे टेम्पो, उजवीकडं सांडत चाललेला पाण्याचा टँकर. एकदा तसा टँकर इतक्या जवळून गेला की माझी कोपर त्याच्या पत्र्याला घासली, घरी येऊन बघितलं तर बाहीवर गंजाचा पट्टा. काही झालं नाही, पण त्या दिवसानंतर माळावर असतानासुद्धा डोक्यात परतीचा रस्ताच असायचा, आणि मग कसली मजा. तीन तासांत दीड तास डांबर, असा माझा अंदाज, मोजलेलं नाही. टेकडीचं तसं नाही, मी कोथरूडला राहतो, दहा मिनिटांत चाक मातीत असतं आणि नऊला अंघोळ करून ऑफिस.

तुम्ही कोंढवा, उंड्रीकडं राहत असाल किंवा गाडीला सायकल लावायचा रॅक असेल तर माझा हा मुद्दा तुम्हाला लागू नाही, बिनधास्त बोपदेव करा. बाकीच्यांनी मला वाटतं टेकडीपासून सुरू करावं, आणि जमलं तर मधल्या वारी दुपारी चारला, तेव्हा वाटा मोकळ्या असतात.

एक कळकळीची विनंती, टेकडीवर वळण टाळायला नवा शॉर्टकट पाडू नका आणि चाक लॉक करून घसरत उतरू नका. मुरूम एकदा सुटला की पहिल्याच पावसात तिथं चर पडतो, दोन वर्षांत एका वाटेचं माझ्या डोळ्यांदेखत गुडघाभर खोल गटार झालंय.

टेकडीवर पहिल्यांदा जाताना पाषाणजवळच्या पंचवटीकडनं चढा, खाणीला एक सावकाश फेरी मारा, पाणी दोन बाटल्या घ्या, आणि दिवाळीच्या आसपास जाणार असाल तर लांब मोजे घालू नका, कुसळं काढता काढता संध्याकाळ होते.